बुधवारी आलेला बर्फासूर

फ्रीजची आरती मी आयुष्यात एकदाच पाहिली. मे महिन्यातला रविवार, संध्याकाळचे सहा, कळंबमधलं ऋषिकेशचं घर. अंगणात साठेक माणसं, ओटीवर पाय ठेवायला जागा नाही, आणि दाराशी ओढून आणलेला फ्रीज झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखा उभा. दरवाजाला हळदकुंकू, वर नारळ, हँडलला काळा दोरा. समोर गावचे मांत्रिक कोंडाजीबाबा. त्यांच्या एका हातात मोरपिसांचा कुंचा आणि दुसऱ्या हातात माईक होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत बाबांचा डीजेचा धंदा होता, त्यामुळे सामान घरचंच होतं.

"ह्या पेटीत कोण हाय?" बाबांनी माईकमध्ये विचारलं. "बर्फासूर हाय! शनिवारी येतो न् यंत्राचा गळा धरतो. कोणी ऐकला का त्याचा आवाज?"

"मी ऐकला!" ऋषिकेश म्हणाला. "आधी घूं करतो, मंग टक् करतो. जरा वेळ गप. परत घूं, परत टक्."

"दात वाजतात त्याचे. बर्फात राहतो ना बिचारा!"

बाबांनी कुंचा फ्रीजवर आपटला, "निघ!" म्हणून ओरडले आणि बटण दाबलं. फ्रीज थरथरला, घुरघुरला आणि चालू झाला. अंगणात एकच गलका उठला. म्हाताऱ्यांनी हात जोडले, पोरांनी मोबाईल वर केले, आणि मी शिडी बांधलेली स्कूटर घेऊन कुंपणाबाहेर उभा राहून दातओठ खात होतो.

कारण हा फ्रीज दुरुस्त करायला मी तीनदा येऊन गेलो होतो. मी मिलिंद, भिसेगावचा, फ्रीज-एसीचा मेकॅनिक. आयटीआय करून चोवीस वर्षं झाली. शनिवार-रविवार मी कळंबजवळच्या रिसॉर्टांवर असतो, पाहुणे घामाघूम झाले की मला फोन येतो. घरगुती कामं सोमवारी. तीन सोमवार ऋषिकेशची बायको छाया मला बोलवत होती आणि तिन्ही सोमवारी फ्रीज शहाण्या मुलासारखा चालत होता. मी कॉम्प्रेसरला कान लावला, मागची जाळी झाडली, दाराचं रबर पुसलं आणि "काही झालेलं नाही, वहिनी," म्हणून चहा पिऊन निघालो. आता बाबांनी एका फटक्यात चालू केला म्हटल्यावर माझी पत काय राहणार?

बाबांनी मला पाहिलंच. "मिस्त्री, पान्यानं सुटत नाय ते पिसानं सुटतं बरं का!" म्हणाले. लोक हसले. मग त्यांनी उपचार सांगितला. शनिवारी दुपारपासून रविवारी दिवे लागेपर्यंत फ्रीजचा उपास. बटण बंद, दार बंद, वर पांढरं फडकं. शिवाय आतून अंडी, सुकट आणि अपवित्र वस्तू कायमच्या बाहेर. फ्रीजला उपास हे ऐकून मला हसू आलं, आणि त्या हसण्यात मी पुढचं, अपवित्र वस्तूंचं, नीट ऐकलंच नाही. ते ऐकायला हवं होतं, याची मला आजही लाज वाटते.

बारा दिवसांनी, शुक्रवारी दुपारी छायाचा फोन आला.

"मिलिंदभाऊ, आत्यांना कायतरी झालंय. सारख्या पाणी पितात, उठवत नाय, कायबाय बोलतात. बाबा म्हणतात, बर्फासूर फ्रीजमधून निघाला तो त्यांच्या अंगात शिरला. आज लिंबाच्या पाल्याची धुरी देणारेत. ह्यांची डुटी खोपोलीला हाय, मी एकटीच हाय."

आत्या म्हणजे छायाची सासू, अंबाबाई. वय सत्तरच्या पुढे, जीभ विशीतली. मला ती कधी चहा न पाजता सोडत नसे, आणि स्वतःच्या कपात साखर घालता येत नाही म्हणून माझ्या कपात तीन चमचे घाले. अंबाबाईला पंधरा वर्षं साखरेचा आजार होता. ती रोज इन्सुलिनची सुई घ्यायची.

"वहिनी, सुईच्या बाटल्या कुठं आहेत?"

"बाबांनी काढायला सांगितल्या. अपवित्र म्हणून. मी देवाच्या फळीवर ठेवल्यात."

ऋषिकेशच्या घरी देवाची फळी स्वयंपाकघरात आहे, चुलीच्या बरोबर वर. छाया भाकऱ्या आजही चुलीवर भाजते. मी गेलो तेव्हा तिथल्या बाटल्या नुकत्या उकडलेल्या अंड्यासारख्या हाताला लागल्या. दोन महिन्यांचं औषध बारा दिवस भाजत होतं, आणि अंबाबाई रोज नेमानं ते टोचून घेत होती. धुरीची वाट न बघता आम्ही तिला टेंपोत घातलं आणि कशेळ्याला दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर रुचिताताईंनी साखर तपासली आणि आकडा मोठ्यानं वाचला. पाचशे चाळीस. छायानं फळीवरच्या बाटल्यांचं सांगितलं. "औषध थंड जागी ठेवायचं असतं. हे कोणी चुलीवर ठेवलं?" छाया रडायला लागली. आणखी दोन दिवस धुरी देत बसला असतात तर ही वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाल्या.

मंगळवारी अंबाबाई घरी आली, जीभ पूर्वीसारखी शाबूत. डॉक्टरांनी नव्या बाटल्या बर्फाच्या थर्मासात घालून दिल्या होत्या. पण थर्मास किती दिवस पुरणार? बाटल्या फ्रीजमध्येच जायला हव्यात, आणि ऋषिकेश त्या आत ठेवू देईना.

"सुई आत गेली का तो परत येईल, भाऊ. आईच्या जीवावर मी खेळू का?"

"खेळतोच आहेस की!" मी ओरडलो. मग स्वतःला आवरलं. माणूस आईसाठीच घाबरला होता.

त्या दिवशी पायरीवर बसून मी पहिल्यांदा तो प्रश्न स्वतःला विचारला, जो पहिल्या सोमवारी विचारायला हवा होता. फ्रीज शनिवारीच का बंद पडतो? वार बाबांनी धरला, मी नाही. मी यंत्राला सगळं विचारलं, घरच्यांना काहीच विचारलं नाही. आणि शनिवारी कळंबमध्ये वेगळं काय असतं, हे तर मला गावापेक्षा जास्त ठाऊक होतं. शनिवारी मुंबईचे पाहुणे येतात. ऋषिकेशच्या घरामागच्या रिसॉर्टमध्ये याच मार्चमध्ये दहा नवे एसी बसले. बसवणारा मीच.

बुधवारी सकाळी अकरा वाजता मी ऋषिकेशच्या ओटीवर दोन वस्तू घेऊन बसलो. एक विजेचा दाब मोजायचा मीटर आणि एक जुना पिवळा शंभर वॅटचा बल्ब, माळ्यावरून शोधून काढलेला. बाबांना मुद्दाम बोलावणं धाडलं होतं. बाबा आले, मागे गाव आलं.

"बाबा, आज बुधवार. बर्फासूर आज येतो का?"

"ह्या!" बाबा म्हणाले. "बुधवारी तो पाताळात असतो. शनिवारबिगर त्याला वर यायची परवानगीच नाय."

"नक्की?"

"माझ्या गुरूची आण!"

मी बल्ब लावला. लख्ख उजेड. मीटरवर दोनशे पंचवीस. फ्रीज बंद केला, पाच मिनिटं थांबलो आणि खिशातून फोन काढून स्पीकरवर टाकला. रिसॉर्टवर साफसफाई बघणारी सोमी पलीकडे होती. खोल्या रिकाम्या होत्या आणि एसी तपासायचे म्हणून मॅनेजरला आधीच सांगून ठेवलं होतं.

"सोमी, घाल गं सगळे चालू. पोहायच्या तलावाचा पंपसुद्धा."

"दादा, दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा!"

बल्ब जरा मंद झाला. आणखी मंद झाला. मग भर दिवसा मलूल होऊन चिमणीच्या वातीसारखा तांबडा दिसू लागला. मीटरवर एकशे साठ. घरातला पांढरा एलईडी मात्र जसाच्या तसा जळत होता. मी फ्रीजचं बटण दाबलं.

घूं. टक्.

ओटीवरची माणसं दोन पावलं मागे सरली. जरा वेळाने पुन्हा घूं, पुन्हा टक्.

"आला!" कोणीतरी किंचाळलं. "बुधवारी आला!"

"बाबा, ह्याला परवानगी कोणी दिली?" अंबाबाईने आतल्या खाटेवरून विचारलं.

बाबांनी घाईघाईत कुंचा उगारला. फ्रीजवर तीनदा आपटला, "निघ, निघ, निघ!" म्हणाले. फ्रीज म्हणाला घूं, टक्. बाबांनी मोठ्यानं मंत्र म्हटला. घूं, टक्. बाबांचा घाम माईकशिवायही ऐकू येईल इतका टपटपत होता.

"सोमी," मी फोनमध्ये म्हणालो, "कर बाई सगळे बंद."

बल्ब चढत गेला आणि पुन्हा लख्ख झाला. मी बटण बंद करून पाच मिनिटं थांबलो, परत दाबलं. फ्रीज घुरघुरला आणि चालू झाला.

मग ऋषिकेशच म्हणाला, "म्हंजे हा असूर सोमीचं ऐकतो?"

मग मी समजावलं. गाव आणि रिसॉर्ट एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, म्हणून दहा एसी एकदम चालू झाले की विजेचा दाब उतरतो. कॉम्प्रेसर सुरू होताना त्याला जोर लागतो. दाब कमी पडला की तो नुसता घूं करत जागच्या जागी अडतो आणि तापतो. जळू नये म्हणून त्याच्या अंगावर एक छोटी टिकली असते, ती तापली की टक् करून वीज तोडते. थंड झाली की परत जोडते. तोच घूं, तोच टक्. पूर्वी दाब उतरला की पिवळे बल्ब मंद व्हायचे आणि आपल्याला कळायचं. आता घरोघरी एलईडी. तो कमी दाबातही तसाच जळतो, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. पंखे हळू फिरत होते, पण पंखा जुना झाला म्हणून सगळे मोकळे. रविवारी संध्याकाळी पाहुणे मुंबईला निघतात, एसी बंद होतात, आणि नेमकी तीच बाबांच्या आरतीची वेळ!

"मी तेच तर सांगत होतो!" बाबा एकदम सावरले. "शनिवारची पीडा, मीच वळखली पयल्यांदा. मला तरी लायटीतलं काय कळतंय?"

"कळत नाय?" अंबाबाई भिंतीला धरून ओटीवर आली. "मंग तुमच्या घरी फ्रीजच्या वर तो डबा कशाचा हाय हो? काटा हालतो, हिरवी बत्ती लागते. वांग्याची रोपं न्यायला आलते तवा बघितला मी."

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. तो डबा म्हणजे विजेचा दाब सावरणारा स्टॅबिलायझर, हे ओळखायला आता मेकॅनिकची गरज नव्हती.

"तो... तो देवाचा रेडिओ हाय," बाबा म्हणाले.

त्यानंतर पाच मिनिटं कोणाला काही ऐकू आलं नाही, इतकं अंगण हसलं. एकटा ऋषिकेश हसला नाही. तो बाबांसमोर जाऊन उभा राहिला. "सोताच्या फ्रीजला डबा, आन् माझ्या आईला धुरी?" एवढंच म्हणाला. कुंचा काखेत मारून बाबा निघाले, आणि रस्ता द्यायला कोणी हललं नाही म्हणून त्यांना कुंपणावरून जावं लागलं.

त्याच संध्याकाळी मी ऋषिकेशच्या फ्रीजला स्टॅबिलायझर बसवला. रिसॉर्टला वेगळी डीपी घ्यायला लावा म्हणून गावाने सह्यांचा अर्ज केला, त्यावर पहिला अंगठा अंबाबाईचा. हँडलचा काळा दोरा तिनेच दाताने तोडला, झेंडू शेळीला घातले आणि इन्सुलिनच्या बाटल्या स्वतःच्या हाताने फ्रीजच्या आतल्या फळीवर मांडल्या.

मित्रहो, यंत्र बंद पडलं तर त्याची पूजा करू नका आणि त्याला शिव्याही घालू नका. कधी बंद पडतं, तेव्हा आसपास काय चालू असतं, शेजाऱ्याचंही पडतं का, एवढं विचारा. जो कोणी हे न विचारता उत्तर देतो, तो बाबा असो की माझ्यासारखा चोवीस वर्षं अनुभव असलेला मेकॅनिक, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि कोणी आजाऱ्याच्या औषधाला हात लावा म्हणाला, तर त्याचा हात धरा आणि आजाऱ्याला आधी दवाखान्यात न्या. आमचा प्रश्न फार उशिरा सुचला. अंबाबाई तेवढा वेळ तग धरून राहिली, ही तिची हिंमत. त्यात आमची अक्कल काही नव्हती.