दादाची मांडी

बाळाचं जावळ अकराव्या महिन्यात काढायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता आणि विचारत मात्र कुणीच नव्हतं. बाळाला मांडीवर घेणार कोण? आमच्याकडे पहिले केस मामाच्या मांडीवर बसूनच निघतात. आणि माझ्या लेकाचा मामा, माझा एकुलता एक भाऊ सहादेव, डिसेंबरात गेला. छातीत कळ आली म्हणून मिरजगावहून नगरला आणत होते, वाटेतच संपलं सगळं. बाळ तेव्हा पाच महिन्यांचा होता.

शेवटी सासूबाईंनीच विषय काढला. मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

"तुझा तो चुलतभाऊ हाय ना कर्जतचा, हर्षल? त्याला सांग की. चुलत असला तरी मामाच."

मी "बरं" म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की त्यांनीच मान वर करून बघितलं. मला तो विषय तिथल्या तिथे मिटवायचा होता. दुखऱ्या दाताकडे घास जाऊ नये म्हणून आपण दुसऱ्या बाजूने चावतो ना, तसं.

हर्षलला फोन केला तर तो खूष. "तायडे, काळजीच करू नको. मांडी आपली ऐसपैस हाय. जुळी असती तरी बसली असती."

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमचे वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तो एकोणीसचा, नुकताच आयटीआय करून आलेला. आई उजाडायच्या आत दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, त्यामुळे माझ्या वेण्या दादाच्या वाट्याला आल्या. तेव्हा तो मोटार रिवायंडिंग शिकत होता. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यात तांब्याची तार नव्याने भरायची, ते काम. वेणीही तो तशीच घालायचा.

"हलू नको रुपे. ताण सारखा पायजे, न्हाईतर जळती."

माझ्या डोळ्यांच्या कडा कानाकडे ओढल्या जायच्या. शाळेत बाई विचारायच्या, "रुपाली, रडतेयस का गं?" पण संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही.

पुढे त्याने मिरजगावात रस्त्याकडेला स्वतःचं दुकान टाकलं. तारेचे वेढे मोजताना त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, हा नियम. सरपंच आला तरी दादा नुसतं एक बोट वर करायचा, म्हणजे थांबा. दहावीचा निकाल सांगायला मी धावत गेले तेव्हाही बोट वर झालं. मी दारात तशीच उभी राहिले. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली तार सोडून दिली.

"किती?"

"एक्क्याऐंशी."

"टक्के?"

"मग काय वेढे?"

बाकड्यावर बसलेल्या शेतकऱ्याला तो म्हणाला, "आण्णा, तुमची मोटार आज व्हायची न्हाई. माझा आकडा चुकला." आणि दुकानाचं शटर ओढून मला सायकलवर बसवून पेढे आणायला घेऊन गेला. आण्णा मागून ओरडत होते, पाणी कोण देणार कांद्याला, तुझा आकडा देणार का?

शाळेच्या प्रत्येक कागदावर पालक म्हणून त्याची सही असायची. लग्नात मला निरोप देताना सगळे रडले, एकटा तोच रडला नाही. मांडवातली लाइट गेली होती म्हणून जनरेटरजवळ बसला होता. दोन महिन्यांनी आईने सांगितलं, जनरेटर चांगला चालू होता, हा उगाच तिथे बसला होता.

काल लिहीत लिहीत इथवर आले आणि बाळ उठला. आज दुधाची पातेली तशीच ठेवून बसलेय.

बाळ झाला तेव्हा दादा दवाखान्यात आला, पण हात लावेना. तारेला लावायच्या वॉर्निशने बोटं कायमची काळी झालेली. नळावर जाऊन तीनदा हात धुऊन आला, नर्सला दाखवले. नर्स म्हणाली, "अहो, स्वच्छ आहेत, रंग तेवढा राहिलाय." तेव्हा कुठे त्याने बाळाला घेतलं. शेजारी त्याची प्रांजल उभी, तेव्हा आठ वर्षांची. तिला म्हणाला, "बघ, मी मामा झालो."

"मग मी कोन झाले?"

"तू त्याची ताई. माझ्यानंतर तुझाच मान."

मग दर रविवारी दोघं मोटरसायकलवर नगरला यायची. दादा चहा पिऊन कॉटवर आडवा व्हायचा आणि प्रांजल बाळाजवळ. तिने त्याला किती वेळा हसवलं ते ती बोटांवर मोजून ठेवायची. दादा गेल्यावर मात्र ती एकदाही आली नाही. वहिनी म्हणायची, शाळा आहे, अभ्यास आहे. मीही जोर केला नाही.

जावळाच्या चार दिवस आधी वहिनीचा फोन आला. माझी वहिनी सविता तशी कमी बोलते, त्या दिवशी तर शब्द एकेक करून बाहेर येत होते. "रुपालीताई, प्रांजल यायचं न्हाई म्हनती. काल नवा फ्रॉक आणला, तो तिनं गादीखाली कोंबलाय. तुम्हीच बोला."

तिने फोन प्रांजलच्या हातात दिला.

"प्रांजल, का गं बाळा?"

"आत्या, मामा बदलता येतो का?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"शाळेतल्या कार्डावर पालक म्हणून हर्षलकाकाची सही झाली," ती म्हणाली. "दुकानाची पाटी पन पुसली. आता तिथं दुसऱ्याचं नाव हाय. मी शाळेला जाताना तिकडं बघतच न्हाई. आन् आता मांडी पन काकाचीच. मग पप्पांचं काय राहिलं?"

ती रडत नव्हती. ती हिशेब विचारावा तसं विचारत होती आणि त्यात माझी चूक सगळ्यात मोठी होती. सहीला इलाज नव्हता, दुकान भाड्याने द्यावंच लागलं. पण मांडीचं मी ठरवलं होतं, भाजी निवडता निवडता, एका शब्दात. तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

"तू घेशील का त्याला मांडीवर?" मी विचारलं.

तिने हळूच विचारलं, "चालतं का?"

"मी विचारते," असं मला म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "चालतं."

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी हातातलं लाटणंच खाली ठेवलं. "आगं, नऊ वर्षांची पोर ती! हे पोरगं धड कपडे घालू देत न्हाई, लाथा झाडतं. डोक्यावर वस्तरा असणार. हललं म्हंजे?"

"मी पाय धरीन."

"आन् रीत? रीतीचं काय?"

"रीत मामाच्या घरच्याची आहे ना, आई? ती मामाच्या घरचीच आहे. तिच्याइतकं जवळचं त्याचं दुसरं कोण आहे?"

त्यांनी लाटणं पुन्हा उचललं. दोन पोळ्या लाटून झाल्यावर म्हणाल्या, "तिला म्हणावं फ्रॉक नको, पंजाबी ड्रेस घाल. फ्रॉकात मांडी कशी घालणार?"

हर्षलला सांगायचं मला जड जात होतं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तायडे, मी नवा शर्ट शिवायला टाकला की गं." मग स्वतःच म्हणाला, "बरं झालं. मला लई भ्या वाटत होतं. दादाच्या जागी बसायचं म्हंजे… मी शर्ट घालून नुसता जेवायला येतो."

जावळाच्या दिवशी सकाळी सगळी आली. आई, वहिनी, हर्षल आणि मागे पिवळ्या ड्रेसमधली प्रांजल. पाच महिन्यांत उंच झाली होती. दारात थांबून आधी तिने बाळाकडे बघितलं. त्याने तिला ओळखलं नाही, तोंड फिरवून माझ्या खांद्यात घातलं. तिचा चेहरा एवढासा झाला. पण हात पुढेच राहिले.

गच्चीवर पाट मांडला होता. केस काढायला आलेले काका वयस्कर, आमच्या यांचंही जावळ त्यांनीच काढलेलं. वाटीत पाणी घेत त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "चला, मामा कोण? या पुढं."

वहिनी कठड्याकडे वळली. आईने पदर तोंडाला लावला. हर्षल बूट काढतोय असं दाखवत खाली वाकला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रांजल म्हणाली,

"मामा वारलेत. मी त्यांची मुलगी."

पाच महिन्यांत तिने हे एकदाही म्हटलं नव्हतं. शाळेत कुणी विचारलं तर पप्पा नगरला गेलेत, असं सांगायची. वहिनीने मला नंतर सांगितलं.

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग पाटाकडे हात केला. "मग बसा, ताई. मांडी नीट पसरून घाला. आन् त्याचं कपाळ हातानं धरा. घट्ट न्हाई, नुसता आधार."

ती बसली. बाळ तिच्या मांडीवर दिल्याबरोबर त्याने असा गळा काढला की खालच्या मजल्यावरून लोक बघायला आले. मी पाय धरले, सासूबाई केस झेलायला टॉवेल घेऊन पुढे. "हळू वो, हळू," त्या काकांना बजावत होत्या. प्रांजल कुणाकडेच बघत नव्हती. तिचा तळवा त्याच्या कपाळावर होता आणि ती त्याच्या कानाशी पुटपुटत होती, "झालं हां. एवढंच. ताई हाय ना." त्याचं डोकं जरासुद्धा हललं नाही. निम्मं जावळ निघालं तेव्हा तो हुंदके देत देत तिच्या ओढणीचं टोक चोखायला लागला. आणि शेवटच्या बटा निघताना त्याने तिच्या मांडीवर, नव्या पिवळ्या ड्रेसवर, मनसोक्त कार्यक्रम उरकला.

"आत्या! यानं केलं!"

"करू दे, करू दे," सासूबाई म्हणाल्या. "मामाच्या मांडीवर न्हाई करायचं तर कुठं करायचं?"

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. प्रांजलने चमकून त्यांच्याकडे बघितलं. मग ओल्या मांडीकडे बघून ती फिसकन हसली. वहिनीही हसली, आणि हसता हसताच खाली बसून रडायला लागली. आईने तिला जवळ ओढलं. हर्षल नव्या शर्टाच्या बाहीला डोळे पुसत म्हणाला, "तरी बरं, मी वाचलो."

जेवणं झाल्यावर माझा जुना कुर्ता घालून प्रांजल आतल्या खोलीत बाळाशेजारी लवंडली. त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून ती बोट फिरवत होती. मी पांघरूण घालायला गेले.

"आत्या, लग्नात पन मामा मागं उभा राहतो ना?"

"हो. नवरदेवाच्या पाठीशी."

"याचं लग्न कधी?"

"आता बघ, हा अजून वर्षाचा नाही. सत्तावीसचा झाला की करू."

तिने मनातल्या मनात मोजलं. "म्हंजे मी पस्तीस."

"हं."

"पप्पांएवढी."

मी पांघरूण तिच्या खांद्यापर्यंत ओढलं. पंखा फिरत होता. बाळाने झोपेत ओठ मुडपले, तिने ते सरळ होईपर्यंत वाट बघितली.

"तेव्हा साडी नेसावी लागंल का मला?"

"फेटा बांध," मी म्हणाले.