चौथ्या खाणीचा पत्ता

घरात तिला सगळे भोंगा म्हणायचे आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. कुठलीही बातमी आधी तिच्या तोंडातून बाहेर पडायची, मग डोक्यात शिरायची. म्हणून त्या शनिवारी दुपारी ती आत्या जुने नकाशे सांभाळायची त्या नकाशाघरातून धापा टाकत घरी आली आणि चपला पायात तशाच ठेवून ओरडली, "आई, तुझ्या नव्या शाळेखाली खाण आहे!" तेव्हा आईने मानसुद्धा वर केली नाही.

"पाय पूस," आई म्हणाली. "आणि सोन्याची असेल तर हळू बोल."

"दगडाची! जुनी! बुजवलेली!"

आता मात्र आईच्या हातातली खडूंची पेटी हळूच टेबलावर टेकली.

आई गेली सहा वर्षं एका गॅरेजमध्ये बालवाडी चालवत होती. बत्तीस मुलं, वर एक पत्रा, कोपऱ्यात एक नळ. अकरा वाजले की पत्रा असा तापायचा की मुलं कोथिंबिरीच्या जुड्यांसारखी माना टाकायची. अर्ज करकरून शेवटी टेकडीच्या पायथ्याची जागा मिळाली होती. बांधकाम मामाकडे होतं. तो आईचा धाकटा भाऊ, पेशाने ठेकेदार, स्वभावाने घाई. बुधवारी सकाळी पाया खणायला मशीन येणार होतं. इकडे गॅरेजवाल्यालाही दोन महिन्यांनी गॅरेज रिकामं हवं होतं. त्यामुळे आईला या घडीला खाण नको होती, भुयार नको होतं, साधं उंदराचं बीळसुद्धा नको होतं.

आणि भोंग्याने नेमकं तेच शोधून आणलं होतं.

झालं होतं असं. शाळेच्या प्रकल्पासाठी भोंग्याने टेकडीवरच्या बंद पडलेल्या खाणी घेतल्या होत्या. गावात कुणालाही विचारलं तर खाणी तीन. पहिलीत कचरा टाकतात, दुसरीत पोरं फुटबॉल खेळतात, तिसरीत पाणी साठतं आणि काठावर बकऱ्या चरतात. पण आत्याने पत्र्याच्या नळकांड्यातून कापडावर चिकटवलेला शंभरेक वर्षांपूर्वीचा नकाशा काढून टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले, आणि भोंग्याने बोटाने मोजलं तर एक, दोन, तीन... चार. चौथा बारकासा गोल होता. आजूबाजूला काळ्या शाईच्या बारीक रेघा. सोबतच्या मोजणीच्या वहीत एक ओळ: "चौथी खाण. हद्दीच्या दगडापासून थेट उगवतीला शंभर फूट. चांगला दगड संपला, भरून टाकली."

हद्दीचा दगड अजून जागच्या जागी होता, डोक्यावर छिन्नीने कोरलेली फुली घेऊन. तिसऱ्या खाणीच्या दक्षिण टोकाला. आणि त्याच्या उगवतीला आईची जागा.

मामाने हे ऐकून डोक्याला हात लावला. "ताई, तुझी लेक माझा धंदा बसवणार बघ. अगं भोंग्या, दोन कोपऱ्यांत खणून पाहिलंय मी. पाच फुटांवर कातळ लागलाय. कातळ म्हणजे काय माहितीये का? देवाने फुकट घालून दिलेला पाया."

"कोपऱ्यात लागला. मध्ये कुठे बघितलंस?"

"आता मध्येही बघू का? पूर्ण जागाच खणून काढू, मग शाळा त्या खड्ड्यातच भरवू."

पण मामा बोलायचा एक आणि करायचा दुसरंच. रविवारी सकाळी तो दोन माणसं, कुदळ, पहार आणि फीत घेऊन हजर झाला. भोंग्याने स्वतः फीत धरली. दगडाच्या फुलीवर एक टोक, उगवतीला शंभर फूट, तिथे खुंटी. ती जागा दक्षिणेकडच्या लहान खोलीखाली येत होती. भोंगा खुंटीशेजारी अशी उभी राहिली, जणू झेंडा रोवलाय.

तीन फुटांवर पहार ठणकन वाजली.

माणसांनी खड्डा रुंद केला. पुन्हा ठण. सगळीकडे सलग, काळाभोर, ढिम्म कातळ.

मामाने फीत गुंडाळली. तो फक्त म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. चला रे." आई मात्र हसली. कितीतरी दिवसांनी अशी मोकळी, खांदे सैल सोडून हसली. घरी येताना तिने भोंग्याच्या केसांतून हातही फिरवला. भोंग्याला रडायलाही येईना आणि हसायलाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती नकाशाघरात जाऊन आत्यासमोर धपकन बसली.

"आत्या, तुझा नकाशा खोटारडा आहे."

"नकाशे चुकतात, खोटं बोलत नाहीत," आत्या म्हणाली. नकाशाघरात येण्याआधी आत्याने दहा वर्षं उत्खननात माती चाळली होती. फुटक्या खापराकडेसुद्धा ती नातेवाइकाकडे बघावं तशी बघायची. "किती ठिकाणांहून मोजलंस?"

"दगडावरून."

"म्हणजे एका ठिकाणाहून. एकाच साक्षीदारावर फाशी दिलीस होय गं?"

भोंग्याने नकाशा पुन्हा पुढ्यात ओढला.

नकाशात रस्त्यावरची दगडी मोरी होती. ती आजही आहे, तिच्याखालून ओढा जातो. मोरीपासून दक्षिणेला हद्दीच्या दगडापर्यंत वहीत अंतर लिहिलं होतं: दोनशे चाळीस फूट. दोघी त्याच संध्याकाळी तिकडे गेल्या. तिसऱ्या खाणीच्या कडेकडेने, बकऱ्यांना हुसकत, त्यांनी फीत टाकली. तीनशे फूट. पुन्हा टाकली. दोनशे नव्व्याण्णव आणि थोडे इंच.

"फीत ताणली असेल," भोंगा म्हणाली.

"साठ फूट? रबराची आहे का?"

आत्या दगडाशी गुडघे टेकून बसली. पर्समधून तिने थापी काढली. लोकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, आत्याच्या पर्समध्ये थापी. दगडाच्या बुडाशी एका बाजूने तिने अलगद माती सोडवायला सुरुवात केली. वीतभर खाली माती संपली आणि खडखड कपच्या लागल्या. घडीव दगड काढताना उडतात तशा, धारदार, ताज्या तुटल्यासारख्या. दगडाच्या थेट बुडाखाली. त्यांच्यात हिरव्या बाटलीच्या काचेचा एक तुकडाही होता.

"खालचं आधीचं, वरचं नंतरचं," आत्या म्हणाली. "आता सांग."

भोंगा बघत राहिली. कपच्या खाली. दगड वर. म्हणजे आधी खाण चालली, कपच्या पडल्या, आणि मग त्यांच्यावर हा दगड येऊन बसला. पण हद्दीचा दगड तर खाण सुरू होण्याआधी रोवतात! इथवरच खणा, पुढे नाही, असं सांगायला.

"हलवला!" ती इतक्या जोरात ओरडली की दोन बकऱ्या पळाल्या. "आत्या, त्यांनी दगडच हलवला!"

"नियम काय होता? दगडापर्यंतच खणायचं. चांगला कातळ दगडाच्या पलीकडे दिसला, तर नियम मोडायचा का? छे. सज्जन माणसं ती. त्यांनी नियम पाळला, दगड पुढे सरकवला." आत्याला हसू आवरेना. "उत्खननात आम्ही असे दोन दगड पाहिलेत. खाणवाल्यांची जुनी खोड. मोजणीदार वही मिटून घरी गेला की ह्यांचा दगड चालायला लागायचा."

भोंग्याने जमिनीवर काडीने रेघा ओढल्या. दगड साठ फूट दक्षिणेला सरकला. म्हणजे त्यावरून मोजलेली तिची खुंटीही साठ फूट दक्षिणेला पडली. खरी चौथी खाण तिथून साठ फूट उत्तरेला. तिने वर पाहिलं. मामाने परवा तिथे चुन्याची फक्की मारून आखणी केली होती. मोठी खोली. बत्तीस मुलांची.

तिने हातातली काडी टाकून दिली.

घरी जाताना ती एक शब्द बोलली नाही. आत्याने दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मंगळवारी दुपारी आई गॅरेजमध्ये हौसेने आतापासूनच खोकी भरत होती. ठोकळे एका खोक्यात, चित्रांची पुस्तकं दुसऱ्यात, प्रत्येकावर तिच्या गोल अक्षरात चिठ्ठी: "मोठी खोली". मामा टेबलाच्या कडेला बसून चहा पीत होता. भोंग्याने सगळं सांगितलं, कपच्यांसकट, काचेसकट. पहिल्यांदाच तिने हळू आवाजात सांगितलं.

मामाने कप ठेवला. "आणि तिथेही कातळ लागला तर? मग पूर्वेला जाशील? उद्या मशीन येतंय, भोंग्या. एकदा तुझ्या शब्दावर खणलं. वारंवार लांडगा आला म्हणून चालत नाही."

"मागच्या वेळी मी एकाच ठिकाणावरून मोजलं होतं. चूक माझी. या वेळी मोरीवरून मोजलंय आणि—"

"ताई, तूच सांग तिला."

आईने चिठ्ठीच्या कडा दाबल्या. मग तिने विचारलं, "मला एक खरं सांग. तुला तिथे खाण सापडावी असं वाटतंय, का नसावी असं?"

भोंग्याला खोटं बोलता आलं असतं. "सापडावी असं," ती म्हणाली. "म्हणजे... मी बरोबर निघावी असं."

"आणि मला नसावी असं वाटतंय. इतकं वाटतंय की मी तुझं ऐकलंच नसतं." आईने मामाकडे पाहिलं. "म्हणजे आम्हा दोघींच्याही म्हणण्याला काही अर्थ नाही. खण."

"अगं पण ताई—"

"पहार तुझी, माणसं तुझी. दोन तासांचं काम. खण."

चार वाजता चुन्याच्या रेघांच्या आत कुदळ पडली. तीन फूट, माती. चार फूट, माती. मग कौलांचे तुकडे, कपच्या, एक मुडकं मडकं, पुन्हा कपच्या. सहा फुटांवरही पहार वाजली नाही. मामाने स्वतः खड्ड्यात उतरून लांब सळई धरली आणि नुसता हाताने जोर दिला. सळई लोण्यात जावी तशी आत गेली. त्याने ती उपसली, पुन्हा शेजारी खुपसली. तीच गत. तो वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची घाई पुसली गेली होती.

"वीस फूट असेल भराव. जास्तच," तो म्हणाला. "ताई, वर्षभरात भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली असती. पोरं आत असताना." आणि मग भोंग्याकडे वळून, "तू... जाऊ दे. चहा पाजतो तुला."

भोंग्याला नाचावंसं वाटत होतं. पण आई चुन्याच्या रेघेवर उभी होती आणि चपलेच्या टोकाने ती रेघ हळूहळू पुसत होती, एखादं मूल पाटीवरचं चुकलेलं अक्षर पुसतं तशी. भोंगा जाऊन तिच्याशेजारी उभी राहिली. मग तीही पायाने रेघ पुसायला लागली.

"किती दिवस जातील?" आईने मामाला विचारलं.

"सगळं दक्षिणेला ओढायचं. तिथे कातळ पक्का आहे, परवाच पाहिलाय. नकाशा नव्याने काढायचा, मंजुरी घ्यायची. तीन आठवडे. आणि व्हरांडा जाईल. जागा नाही."

"व्हरांडा गेला तर चपला कुठे काढतील?"

"बाहेर. फळी ठोकून देतो."

"फळी नाही, कपाट. प्रत्येकाला खण. आणि नळ आत हवा."

"ताई, एक तर जागा कमी—"

"नळ आत," आई म्हणाली. तिने पदर खोचला आणि चुन्याचं घमेलं स्वतःच उचललं. "चल, दाखव कुठून कुठवर. गॅरेजवाल्याला मी आजच सांगते तीन आठवड्यांचं. नाही म्हणाला तर बत्तीस मुलं त्याच्या दारात नेऊन बसवते."

मामाने फीत काढली आणि दुसरं टोक भोंग्याच्या हातात दिलं. ती दक्षिणेकडे चालायला लागली. मागून आई आणि मामा दार कुठल्या भिंतीला ठेवायचं यावरून भांडत येत होते.