अस्वलाकडे गेलेली मुलगी

आई, एल्डीन, ऑगस्टमध्ये गेली आणि गोष्टीचा शेवट सोबत घेऊन गेली, असं रोवेना धरून चालली.

आईच्या गोष्टींची मुलांसाठी पुस्तकं करायची, हे दोघींचं ठरलेलं. पहिली गोष्ट अस्वलाकडे राहायला गेलेल्या मुलीची. रोवेनाने ती लहानपणी ऐकली नव्हती. त्यांच्या जमातीतल्या इतर मुलांसारखं सरकारने तिलाही आईपासून काढून परक्या घरी वाढवायला दिलं होतं. मोठेपणी परतल्यावर गेल्या हिवाळ्यात ती निम्मी ऐकून झाली, बर्फ वितळलं आणि आई थांबली. जमिनीवर बर्फ नसताना गोष्ट सांगितली तर साप येतात, असा त्यांच्यातला जुना नियम.

उन्हाळ्यात आजारी आईच्या खाटेशी बसून रोवेनाने विचारलं, "दवाखान्यात कुठले साप, आई?"

"डॉक्टर येतातच की," एल्डीन म्हणाली. "बर्फ पडू दे."

"आणि तोवर तू..."

"नसले तर नसले. माझ्यासाठी नियम वाकायचा नाही."

प्रकाशिका थांबायला तयार नव्हती. मुलगी घरी परत यायला हवी, नाहीतर पोरं घाबरतील, असं तिचं म्हणणं. रोवेनाला ते पटवावं लागलं नाही. तिने मुलीला घरी आणलं.

पुस्तकं छापून आली त्याच आठवड्यात बर्फ पडलं. क्लॅरिसमावशीचा फोन आला. "ये. शेवट सांगते."

"तुला येतो?"

"आम्ही बहिणींनी एका पांघरुणात ऐकलेली गोष्ट."

"मग ऑगस्टमध्ये का नाही बोललीस, मावशी?"

"बोलले असते तरी बर्फाआधी सांगितली नसती."

मावशीने सूप वाढलं आणि सांगायला बसली. नात टेया पायाशी होती. मुलगी परत आलीच नाही. तिची आई दर शरदात झाडीच्या कडेला वाळवलेली आलुबुखारं ठेवायची आणि मागे न बघता घरी जायची. सकाळी ती संपलेली असायची.

"चुकलीस, आजी," टेया म्हणाली. "ती येते घरी. हे बघ." तिने पुस्तक उघडून दाखवलं. दारात हात पसरून उभ्या असलेल्या आईला एल्डीनचा चेहरा होता. चित्रकाराला फोटो रोवेनानेच दिला होता.

"सांग आता तिला," मावशी म्हणाली. "तुझं पुस्तक आहे."

"खोटं आहे का हे?" टेयाने विचारलं.

रोवेना चित्राकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली.

मावशीने रोवेनाच्या पुढ्यातला वाडगा उचलला. सूप अजून अर्धं होतं. त्या हिवाळ्यात क्लॅरिसने पुन्हा गोष्ट सांगितली नाही.