रोलंडच्या ड्रमखालचा गालिचा

मी बोलतोय तो पायांखालून. माझ्याकडे बघून आजवर कुणी टाळी वाजवली नाही. पण रंगमंचावर सांडलेली बिअर, सिगारेटची राख आणि घाम हे सगळं माझ्याच अंगात मुरलं आहे. मी एक गालिचा आहे. चार हात लांब, तीन हात रुंद, गडद निळ्या अंगावर लाल गुलाब.

माझा जन्म इंग्लंडातल्या किडरमिन्स्टरचा, १९६३ सालचा. त्या गावात निम्मी माणसं गालिचे विणत आणि उरलेली त्यांना चहा विकत. मला विणलं रोलंड पार्डोने. बावीस वर्षांचा विणकर, डोक्यात सतत ताल. त्या तंद्रीत लाल लोकरीची रिळं संपल्याचं त्याला कळलंच नाही आणि माझे सात गुलाब बोडकेच राहिले.

"पार्डो, हे गुलाब आहेत की माझ्या सासऱ्याचं टक्कल?" मुकादम म्हणाला. म्हणाला म्हणजे नुसते ओठ हलवले. दोनशे मागांच्या धडधडाटात आवाजाचा उपयोगच नसे. माणसं ओठांनी बोलत आणि डोळ्यांनी ऐकत. ह्या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला लग्नाची बातमी सांगे, आणि मुकादमाची पाठ वळली की त्याची यथेच्छ निंदाही होई. ती भाषा मीही तिथेच शिकलो.

टाकाऊ तुकडा म्हणून मला रोलंड घरी घेऊन गेला. शेजारच्या मागावरचा सिरिल माँड गिटार वाजवायचा. आणखी दोघे मिळाले आणि 'लूम लेन फोर' हा बँड उभा राहिला. शनिवारी ते कामगारांच्या क्लबात वाजवत. तिथली फरशी नाचण्यासाठी घोटून गुळगुळीत केलेली. रोलंडने लाथ हाणली की पायाचा मोठा ड्रम वीतभर पुढे पळे आणि रोलंड स्टुलासकट त्याच्या मागे. शेवटी त्याने मला खाली अंथरलं. माझ्या लोकरीने ड्रमचे पाय घट्ट धरले. कुठला पाय कुठे, झांजेसारख्या थाळ्यांची दांडी कुठे, स्टूल कुठे, हे त्याने माझ्यावर पांढऱ्या रंगाने आखून ठेवलं.

दोन वर्षांनी गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या लंडनच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. एक दिवस, दोन गाणी. जमलं तर कारखाना सुटला.

तिथे ध्वनिमुद्रण करणारा पांढऱ्या कोटातला एक माणूस माझा वास घेऊन किंचाळला, "ह्या घोंगड्यात कुत्रं मेलंय का? बाहेर काढा!" मोठा ड्रम पळेल हे रोलंडला ठाऊक होतं. पण समोर सूट घातलेली माणसं उभी होती. "चालेल, साहेब," एवढंच तो म्हणाला. मला गुंडाळून काचेपलीकडच्या खोलीत उभं केलं, चहाच्या किटलीशेजारी.

ड्रम पळू लागला. पहिल्या खेपेला ताल चुकला, दुसऱ्याला चुकला, तिसऱ्याला रोलंड स्टुलावरून घसरताघसरता वाचला. ध्वनिमुद्रण थांबलं. सिरिल माझ्या खोलीत आला. कंपनीच्या हॅलिवेलसाहेबांनी बटण बंद केलं, म्हणजे आता इथलं तिकडे ऐकू जाणार नव्हतं.

"गाणं झकास आहे," ते म्हणाले. "ड्रमवाला बाद. दुपारी आपला भाड्याचा माणूस बोलवा. त्या पोराला चहा पाजून गाडीत बसवा."

काचेपलीकडून रोलंडने शब्दन् शब्द वाचला. काठ्या मांडीवर ठेवल्या आणि तो बूट निरखत बसला. मला हात असते, तर मीच दार फोडलं असतं!

थोड्या वेळाने त्याने मान वर केली. काचेशी उभ्या सिरिलने आवाज न करता ओठ हलवले, "रोल्या, काय बिनसलंय?"

"ड्रम पळतोय. गालिचा काढला ना."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"लाज वाटली."

"लाज? आणि तुझ्या जागी वाजवायला काय माझी आत्या येणार?"

हॅलिवेलसाहेबांनी चष्मा सारखा केला. "हे दोघे जांभया का देतायत?"

"जबड्याचा व्यायाम, साहेब. आमच्याकडची रीत," सिरिल म्हणाला, आणि त्याने मला खांद्यावर टाकलं. "एकदा ह्यावर वाजवू द्या. नाही जमलं तर चहा पिऊन चौघेही गाडीत बसतो."

पांढरा कोट धुळीच्या नावाने शंख करत राहिला. मला अंथरलं. ड्रमचे पाय आपापल्या खुणांवर बसले. रोलंडही बसला आणि त्याने ठेका धरला. तो ठेका मागाचा होता. न घाई, न आळस, पोटातून येणारा. पावणेतीन मिनिटं मोठा ड्रम केसभरही हलला नाही.

बटण अजून बंदच होतं. हॅलिवेलसाहेब काचेमागे सहकाऱ्याला काहीतरी म्हणाले आणि रोलंड खदखदून हसला. ते म्हणाले होते, "भाड्याच्या माणसाला नको म्हणून कळवा." हा का हसतोय, ते त्यांना कधीच उमगलं नाही.

पुढे एकतीस वर्षं आम्ही हिंडलो. समुद्रकाठची नाचघरं, हॅम्बुर्ग, स्टॉकहोम. तीन गायक रुसून गेले, तिघांची चित्रं चाहत्यांच्या भिंतींवर लागली. सामान उतरलं की रोलंडची एकच आरोळी, "आधी गालिचा!" त्याची बायको डिलिस म्हणे, "लग्न त्या चिंधीशीच करायचं होतंस."

गावातले कारखाने एकेक करून बंद पडले. ज्या मागावर मी जन्मलो, तो भंगारात गेला. माझं फार वाईट वाटून घेऊ नका. पण ज्यांच्या बोटांत हे कसब होतं, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही, ह्याचा राग मला अजून येतो.

मागच्या वर्षी गावातल्या संग्रहालयाच्या मिसेस ओकली आल्या. मला धुऊन, चौकटीत बसवून भिंतीवर लावायचं म्हणत होत्या. रोलंड आता ब्याऐंशीचा आहे, गुडघे कुरकुरतात. तो म्हणाला, "बाई, हा जमिनीवर राहील. वर ड्रम राहतील. येईल त्याला वाजवू द्याल, तर घेऊन जा."

आता मी तिथे असतो. लोकर झिजून खालचा ताग दिसू लागला आहे. गुरुवारी दुपारी माणसं येतात. निवृत्त बसवाहक बाई आहेत, एक खाटीक आहे. रोलंड खुर्चीत बसून मान डोलावतो. परवा एक परिचारिका दाराशीच घुटमळत होती. "मला नाही जमायचं." तो म्हणाला, "आधी बसा तर."

तुम्हीही कधी आलात तर या. बूट काढायची गरज नाही. स्टुलावर बसा, मोठ्या ड्रमवर खुशाल पाय हाणा. स्टूल उंच वाटलं, थाळी लांब वाटली, तर मनात ठेवू नका. आजूबाजूला कितीही मोठी माणसं उभी असोत, मोठ्याने सांगा. सरकवून देतील.