नेट बंद, फोन चालू

कुणा दीडशहाण्यानं मोबाईलवर नको तो स्टेटस ठेवला, दुपारपर्यंत चौकात दगड उडाले आणि सरकारनं जिल्ह्याचं नेटच बंद करून टाकलं. दगड मारणारे घरी जाऊन पंख्याखाली झोपले. भोगायला लागलं शालूबाईला. मंगळवार पेठेतल्या आपल्या दारात ती मोबाईलवर गोल गोल फिरणाऱ्या चक्राला शिव्या घालत उभी होती.

तिची लेक प्रियदर्शनी जन्मापासून बहिरी, बोलणंही नाही. मायलेकींनी घरातल्या घरात हाताच्या खुणा तयार केलेल्या, आणि त्या पुऱ्या कळायच्या त्या दोघींनाच. शाळा अर्धवट सुटलेली, त्यामुळं मेसेज लिहिणं-वाचणंही नाही. लग्न होऊन ती पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावात गेली, तेव्हापासून रोज व्हिडिओ कॉल. आज ती तिथल्या दवाखान्यात दुसऱ्या बाळंतपणाच्या कळा सोसत होती. पहिल्या खेपेला पोट उघडावं लागलं होतं. जुन्या टाक्यांवर दुखलं तर लगेच सांगा, असं डॉक्टरनं बजावलेलं. पण सांगणार कोण आणि ते कळणार कुणाला? जावई यशराज शिरोली एमआयडीसीत अडकलेला. रस्ते बंद.

तरीही शालूबाई निघाली. नाक्यावर हवालदारानं अडवलं.

"मावशी, नेट बंद हाय, फोन चालू हाय की. बोला लेकीसंगं."

"बहिऱ्या पोरीसंगं बोलू? तुझ्या सायबाला म्हणावं, आधी त्यानं बोलून दाखवावं!"

"नाटकं नगं हितं. चला मागं."

त्यानं काठी आडवी धरली. शालूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण काठीपुढं तिचं काय चालणार?

आता राहिली एकच वाट, आणि ती सगळ्यात वाईट. लेकीची सासू अंबूताई. दोघींचं बोलणं कधीचं तुटलेलं. "त्या मुकीला तुमी माझ्या पोराच्या गळ्यात बांधली," असं अंबूताई पहिल्या नातवंडाच्या भर बारशात म्हणाली होती. घरात ती सुनेला नावानं हाक मारत नसे, मुकीच म्हणे. घरी परतून शालूबाईनं दात खाऊन तिचा नंबर लावला.

"आज बरी आठवण झाली," अंबूताई म्हणाली.

"भांडाय फोन केला न्हाय. तुमी प्रियाजवळ हाय न्हवं? तिचं हात काय करत्यात, त्ये बघून मला सांगा. अर्थ मी सांगते."

"मी काय तुमची मोलकरीण हाय?"

"नातवंडासाठी सांगा."

पलीकडं थोडा वेळ नुसतं धुसफुसणं ऐकू आलं.

"माझ्याकडं बोट करतीया. आन् पंजा उलटा करून ढकलल्यागत करतीया. लई जोरात."

 शालूबाईला खूण सरळ कळली. ही बाई नको, हिला बाहेर काढा. पण हे सांगितलं तर अंबूताई फणकाऱ्यानं निघून जाणार, फोन तिच्याबरोबर जाणार आणि लेकीची उरलीसुरली वाटही बंद होणार. तिनं फार विचार केला नाही.

"सासूबाईंनी माझा हात धरावा, म्हणतीया."

"खरं?" अंबूताईचा आवाज एकदम खाली आला. "मला कवा असं म्हणली न्हाय ती. थांबा, स्पीकर लावून फोन उशाला ठेवते."

खोटं पचलं. शालूबाईनं श्वास सोडला. "आता काय करतीया?"

"काय न्हाय. गप पडलीया."

"दुखतंय म्हणून काय खुणा?"

"न्हाय की. नुसती माझ्याकडं बघतीया आन् डोळ्यातनं पाणी काढतीया. गुणाची झाली आज."

"आन् हात?"

"धरल्यात की. दोनी. घट्ट."

आता शालूबाईच्या ध्यानात आलं. सरकारनं नेट तोडलं तरी पोरीचे हात मोकळे होते. तेही आईनंच बांधून टाकले.

"सोडा! हात सोडा तिचं!"

"आता काय झालं? तीच म्हणली न्हवं?"

"न्हाय म्हणली! मी खोटं बोलले. तुमी नको, बाहेर जावा, असं म्हणली ती!"

 गेली ही, आता फोन कापणार, असं मनाशी म्हणत शालूबाईनं डोळे घट्ट मिटले.

"सोडल्यात," अंबूताई कोरड्या आवाजात म्हणाली. "ऐका. पोटाखाली बोटानं आडवी रेघ मारतीया. परत परत. मग मूठ आवळून फाडकन उघडतीया."

"टाकं! टाक्यावर फाटल्यागत दुखतंय! डॉक्टरला बोलवा, पळा!"

अंबूताई ओरडली, माणसं धावली, खाट ढकलल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही कळेना. शालूबाई भिंतीला टेकून, मोबाईल कानाला लावून तशीच बसून राहिली. फोन मात्र कापला गेला नव्हता.

शेवटी अंबूताईचा आवाज आला. "नात झाली. दोघी बऱ्या हायत. उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या, म्हणला डॉक्टर."

"तुमचं लई उपकार..."

"उपकार ठेवा तुमच्यापाशी. तुमी लबाड हाय. ह्याच्याम्होरं ती काय म्हणंल त्ये खरं सांगायचं. शिवी असली तर शिवी."

"सांगीन."

"डोळं उघडलं बघा तिनं. बाळाच्या कानाला हात लावतीया. आता स्वतःच्या कानाला. आता माझ्याकडं बोट, आन् पंजा उलटा करून ढकलला. काय म्हणतीया?"

 या वेळी शालूबाईनं एक शब्दही गाळला नाही.

"माझ्यागत हिलाबी ऐकू आलं न्हाय, तर सासूबाई हिलाबी नको म्हणणार का, असं इचारतीया."

अंबूताईनं फोन ठेवला नाही.  पलीकडं फक्त बाळ रडत होतं.