चादरीची दोन टोकं

ओली चादर दोघांनी ताणून धरली की तिच्या मधोमध बारीक थरथर उठते. ज्याचा हात हलतो, त्याच्या बाजूने ती सुरू होते. त्या गुरुवारी ती माझ्या बाजूने येत होती.

आमच्या इमारतीच्या तळघरात चादरी दाबायचं लाकडी रुळांचं यंत्र आहे. रुळांत घालण्याआधी चादर दोघांनी धरून तिरकी ताणावी लागते. एकट्याने ते होत नाही. मी रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला. वेइयो दुसऱ्या मजल्यावर राहायचे, बंदरात क्रेन चालवायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी काही न बोलता माझ्या चादरीचं दुसरं टोक उचललं. तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही समोरासमोर उभे. बोलणं हवामानाचं, फार तर बिघडलेल्या लिफ्टचं. कोत्कात, आमच्या या अबोल बंदरगावात, तेवढं पुष्कळ झालं.

वसंतात त्यांचं बंदरातलं काम गेलं. हे जिथे जातील तिथे आपणही जायचं, असं मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. पण कुणी बोलावल्याशिवाय 'येते' म्हणायचं कसं?

त्या गुरुवारी त्यांनी आल्या आल्या सांगितलं, की दूर तुर्कू शहरातल्या जहाजगोदीने कामाला बोलावलंय आणि चारच्या आत फोन करून हो-नाही कळवायचंय. मग ते चादरीकडे बघत राहिले. घड्याळाचा काटा चाराला टेकत आला होता.

मागे बाकावर टोपली घेऊन शेजारच्या राइलीबाई आपल्या पाळीची वाट बघत होत्या. "अगं मेर्वी, एकट्या बाईला आठवड्याला इतक्या चादरी? हॉटेल काढलंयस की काय?"

माझे कान तापले. त्यातल्या निम्म्या चादरींवर कुणी झोपलेलंच नव्हतं.

माझ्या संपल्या. वेइयोंनी त्यांची काढली, एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही ताणली, दुमडली, टोकं जुळवायला एकमेकांकडे चालत आलो. चादर माझ्या नाकाशी आली. तिला साबणाचा वास नव्हता. ती धुतलेलीच नव्हती, नळाखाली नुसती भिजवून आणली होती.

मी वर पाहिलं. त्यांनी नजर खाली नेली.

"इथे थांबायला तसं काही कारण नाही," ते म्हणाले, आणि माझ्या उत्तरासाठी थांबल्यासारखे थांबले.

मी हातातली टोकं पुन्हा जुळवली. त्यांनी आपलं टोक माझ्या हातात दिलं, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली. राइलीबाईंनी टोपली उचलली होती, पण त्या उठल्या नाहीत.

"वेइयो," मी म्हणाले, "त्यांना हो सांगा. रुग्णालयांची धुलाईघरं तुर्कूतही असतील. मी तुमच्याबरोबर येतेय."