देविदासचा बांध

शिरड शहापूरच्या शिवारात माझं हळदीचं रान आहे. तिथून घरी यायची जवळची वाट देविदासच्या बांधावरून जाते. अकरा वर्षांमागं त्यानं दारू पिऊन माझ्या नवऱ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातला, ते जागीच गेले. देविदास तुरुंगात जाऊन आला. मी मात्र त्या बांधावर पुन्हा पाय ठेवला न्हाई. रोज डोक्यावर भारा घेऊन ओढ्याकडून तीन किलोमीटरचा फेरा घालायचे.

काल ओढ्याला लागले तोच दगडावरून पाय घसरला, गुडघा सोलला. तिथंच बसून मला माझाच राग आला. त्याची शिक्षा कधीच संपली होती!

भारा उचलून मागं फिरले, थेट त्याच्या आखाड्यावर, रानातल्या खोपटापाशी गेले. तो हळद वाळवून राहिला होता. मला बघून त्याच्या हातातलं घमेलं पडलं.

"तुला माफ केलं," मी म्हणलं. "रडू नको. मी चहा बी घेणार न्हाई."

"वहिनी, आज काहून..."

"ते इचारू नको. मला बांधावरून जायचंय."

रोज घरी येईपर्यंत दिवेलागण व्हायची. काल आले तर अंगणात अजून ऊन होतं. ओट्यावर बसले. एवढ्या मोकळ्या वेळाचं काय करायचं असतं, ते मला आठवेना.